एका एकर उसात किती माणसांचं पाणी? हिवरे बाजारचा ताळेबंद आणि अल्गोरिदमचा विचार

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना होणारी पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तसा जड नावाचा आहे: अल्गोरिदमिक थिंकिंग आणि कम्प्युटेशनल थिंकिंग. नाव ऐकून पळून जाऊ नका. आज आपण कोडिंग शिकणार नाही, स्क्रीनवर काही बघायचं नाही. आज आपण नगर जिल्ह्यात जाणार आहोत. आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण एसटी स्टँडवर अजून बरेच जण नगरच म्हणतात, तेव्हा माझ्याकडूनही दोन्ही येईल.

या विषयावरचे बहुतेक लेख चहा करण्याच्या उदाहरणाने सुरू होतात. आधी पाणी ठेवा, मग साखर, मग पावडर, झाला अल्गोरिदम. मला ते उदाहरण कधी पटलं नाही. चहा चुकला तर काय होतं? पुन्हा करतो. तिथे पणाला काहीच लागलेलं नसतं, म्हणून विचार करायची गरजही कळत नाही. नगर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात ऑक्टोबर महिन्यात एक गाव बसून ठरवतं की या वर्षी रब्बीला काय पेरायचं, तो निर्णय चुकला तर एप्रिलमध्ये टँकर येतो. तिथे पायऱ्या नीट लावण्याला अर्थ आहे.

आधी दोन शब्दांमधला फरक. अल्गोरिदम म्हणजे ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर काढायची ठरलेली रीत. पायऱ्या मोजक्या, क्रम पक्का, आणि प्रत्येक पायरीचा अर्थ एकच. कोणीही ती रीत चालवली तरी तेच उत्तर यायला हवं. शब्द आला नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून. गंमत अशी की त्याचं नाव युरोपात पोचलं ते भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा हे सांगणाऱ्या त्याच्या पुस्तकाच्या लॅटिन भाषांतरातून. म्हणजे हातचा घेऊन बेरीज करायची जी रीत आपण तिसरीत शिकलो, ती या शब्दाच्या अगदी मुळाशी आहे.

कम्प्युटेशनल थिंकिंग हे त्याच्या आधीचं आणि नंतरचंही काम. प्रत्यक्षात प्रश्न कधी ‘ठरलेला’ येत नाही. ‘यंदा पाणी पुरंल का?’ हा प्रश्न आहे, पण त्याला बेरीज-वजाबाकी लावता येत नाही. तो फोडावा लागतो, त्यातलं काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं ते ठरवावं लागतं, त्यात काही नेहमीचा साचा दिसतो का ते बघावं लागतं, मग रीत बसवायची, आणि रीत चालवून झाल्यावर उत्तर खरं निघालं का ते तपासायचं. सेमूर पॅपर्ट यांनी १९८० सालच्या पुस्तकात हा शब्दप्रयोग केला होता. तो सगळीकडे पसरला तो २००६ मध्ये, जेनेट विंग या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलेल्या एका छोट्या लेखामुळे. त्यांचं म्हणणं साधं होतं: वाचन, लेखन, गणित यांच्या बरोबरीने ही सवय प्रत्येकाला हवी, फक्त कॉम्प्युटरवाल्यांना नव्हे. आपल्याकडच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हा शब्द आला आहे. शाळांमध्ये मात्र तो बऱ्याचदा ‘कॉम्प्युटरचा तास’ एवढाच उरतो, हे माझं मत.

आता चला हिवरे बाजारला.

नगर शहरापासून साधारण सतरा किलोमीटरवरचं गाव. क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर, लोकवस्ती सव्वा हजाराच्या आसपास, पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आगेमागे. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव उतरणीला लागलं होतं. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, माणसं कामाला बाहेर, आणि गावात दारूच्या भट्ट्या. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. नंतर गाव आदर्श गाव योजनेत आलं. डोंगरावर समपातळी चर, नाल्यावर बांध, पाझर तलाव, झाडं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. ही गोष्ट तुम्ही अनेकदा ऐकली असेल, पोपटरावांना २०२० ची पद्मश्रीही मिळाली, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही. शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत हे काम त्याहीआधी सुरू झालं होतं.

मला रस आहे तो त्यापुढच्या पायरीत. पाणी अडवलं, जिरवलं, विहिरींना पाणी आलं. इथेच बहुतेक गावांची गोष्ट बिघडते. पाणी दिसलं की बोअर होतात, ऊस लागतो, आणि पाच-सात वर्षांत गाव पुन्हा जिथल्या तिथे. हिवरे बाजारने दोन गोष्टी केल्या. एक, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं लावायची नाहीत, असं ठरवलं. दोन, २००४ च्या सुमारापासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. गावात पर्जन्यमापक, काही ठरलेल्या निरीक्षण विहिरी, भूजल खात्याची मदत, आणि पावसाळा सरला की ग्रामसभेत हिशेब: किती आलं, किती लागेल, काय पेरायचं.

हा ताळेबंद म्हणजे अल्गोरिदम आहे. फळ्यावर चालणारा, आणि माणसं चालवतात तो.

आपण तो स्वतः चालवून बघू. मी पुढे जे आकडे वापरतोय त्यातले काही समजण्यासाठी धरलेले आहेत, गावाच्या वहीतले नाहीत. ते कुठले ते सांगत जाईन. कागद-पेन असेल तर घ्या, गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका.

पहिली किल्ली. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी? दहा हजार लिटर. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं तोंडी होतं.

समजा वर्ष वाईट गेलं, २५० मिलिमीटरच पाऊस झाला. ९७७ हेक्टर गुणिले २५० गुणिले दहा हजार: २४४ कोटी लिटर. ऐकून वाटतं, अरे मग टंचाई कसली? पण यातलं बरंचसं उन्हाने उडून जातं, काही नाल्याने निघून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं आणि खरिपाचं पीक ते जागेवरच पिऊन टाकतं. विहिरीत उतरतं ते थोडं. आपल्या काळ्या खडकात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मी इथे दहावा हिस्सा धरतो. खडक किती भेगाळ आहे आणि वर बांध-चर किती आहेत यावर तो कमीजास्त होतो. दहावा हिस्सा म्हणजे साधारण २४ कोटी ४० लाख लिटर. हा आपला गल्ला.

आता खर्च. पहिला माणसांचा. सव्वा हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, हे जलजीवन मिशनचं माप. वर्षाला होतात अडीच कोटी लिटर. दुसरा जनावरांचा. पाचशे जनावरं धरू, जनावराला रोज ६० लिटर, म्हणजे वर्षाला एक कोटी दहा लाख. दोन्ही मिळून तीन कोटी साठ लाख. उरले वीस कोटी ऐंशी लाख.

इथे थांबा जरा. २५० मिलिमीटरच्या पडक्या वर्षातसुद्धा माणसं आणि जनावरं मिळून गल्ल्याचा सातवा हिस्साच पितात. मग एप्रिलमध्ये टँकर का येतो? कारण पिण्याचं पाणी संपत नाही, ते दुसऱ्या कशात तरी जातं. ‘पाऊस कमी झाला म्हणून प्यायला पाणी नाही’ हे वाक्य आपण इतकं सहज म्हणतो, पण हिशेब फोडल्यावर ते बऱ्याच गावांच्या बाबतीत खरं ठरत नाही. प्रश्न फोडण्याचा फायदा हा: फोडल्यावर दोष वेगळ्या जागी सापडतो.

उरलेल्या पाण्याचं काय करायचं? रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाणी, प्रत्येकी ७५ मिलिमीटर धरलं तर हेक्टरी १५ लाख लिटर. रब्बी कांद्याला सगळं मिळून ६०० मिलिमीटर धरलं तर हेक्टरी ६० लाख. उसाला पाटपाण्याने, वर्षभराचं, ढोबळमानाने दोन ते अडीच हजार मिलिमीटर. अडीच हजार धरलं तर हेक्टरी अडीच कोटी लिटर.

अडीच कोटी. हाच आकडा आत्ता थोड्या वेळापूर्वी आला होता. अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी म्हणजे एक हेक्टर ऊस. एकरात सांगायचं तर एक एकर उसात पाचशे माणसांचं वर्षाचं पाणी.

त्या वीस कोटी ऐंशी लाखांत एक तर १३८ हेक्टर ज्वारी भिजते, नाही तर ३४ हेक्टर कांदा, नाही तर आठ हेक्टर ऊस. आठ हेक्टर म्हणजे किती घरं? दोन, तीन, फार तर चार. ज्वारी म्हटली तर गावातल्या बहुतेक खातेदारांच्या वाट्याला थोडं थोडं पाणी आणि जनावरांना कडबा. हे मी उसावर राग म्हणून बोलत नाही. याच जिल्ह्यात प्रवरानगरला, लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याने हजारो कुटुंबांचं आयुष्य बदललं. पण तिथे भंडारदऱ्याचं धरणाचं पाणी होतं. हिवरे बाजारला वर धरण नाही. वरून जे पडेल तेच.

आता या हिशेबात ‘थिंकिंग’ कुठे आहे ते बघू, कारण नुसती गुणाकार-भागाकाराची कसरत तर कोणीही करेल.

एक म्हणजे काय सोडून दिलं. गावात शेकडो शेतं, प्रत्येकाची माती वेगळी, उतार वेगळा, विहिरीची खोली वेगळी. हिशेबात यातलं काहीच नाही. फक्त पाऊस, क्षेत्र, विहिरींची पातळी, माणसं, जनावरं, पिकं. याला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात. मराठीत अमूर्तीकरण म्हणतात, पण मला ‘नको ते गाळणं’ जास्त आवडतं. एवढं गाळलं म्हणून तर तो हिशेब एका ग्रामसभेत तासाभरात मांडता येतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतो. त्याची किंमतही आहे, त्याकडे नंतर येतो.

दुसरं म्हणजे क्रम. आधी माणसं, मग जनावरं, मग पिकं, आणि काही तरी पुढच्या वर्षाला. हाच क्रम उलटा करून बघा. आधी पिकांना द्या, उरलं तर प्यायला. आकडे तेच, बेरीज तीच, पण गाव वेगळं. ज्या गावांत कोणी काहीच ठरवत नाही तिथे हाच उलटा क्रम आपोआप चालतो, कारण मोटर ऑक्टोबरपासूनच सुरू असते आणि हंडा मार्चमध्ये आठवतो. म्हणजे काही न ठरवणं हाही एक क्रम असतो, फक्त तो कोणी निवडलेला नसतो.

तिसरं, ‘जर-तर’. हिवरे बाजारच्या रीतीचा गाभा ढोबळपणे असा सांगितला जातो: शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर पिण्याचं आणि खरिपाचं भागतं, दोनशे झाला तर रब्बीही, तीनशेच्या पुढे गेला तर उन्हाळी पिकाचा विचार. पाऊस त्याखाली राहिला तर जास्त पाण्याचं पीक घ्यायचं नाही. यात मोठी गोष्ट ही की ‘जर’ आधी ठरलेलं आहे. पाऊस पडायच्या आधी. जूनमध्ये कोणालाच माहीत नसतं की यंदा किती पडणार, म्हणून तेव्हा नियम मान्य करणं सोपं असतं. ऑक्टोबरमध्ये पाऊस मोजून झाल्यावर नियम करायला बसलात तर प्रत्येक जण स्वतःच्या विहिरीकडे बघून मत देणार. क्रिकेटमध्ये पावसाने सामना थांबल्यावर डकवर्थ-लुईसचं टेबल आधीच छापलेलं असतं, तसंच हे. पोपटराव स्वतः क्रिकेट खेळलेले आहेत, त्यांना हे उदाहरण आवडेल असं आपलं मला वाटतं.

चौथं म्हणजे बोअरबंदी, आणि इथे मला थोडं कॉम्प्युटरकडे वळू द्या. कॉम्प्युटरमध्ये एक जुनं दुखणं आहे. दोन प्रोग्रॅम एकाच खात्यातला आकडा एकाच वेळी वाचतात. खात्यात हजार रुपये. पहिला बघतो, हजार आहेत, सातशे काढतो. दुसऱ्यानेही त्याच क्षणी बघितलेलं असतं, हजार आहेत, तोही सातशे काढतो. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर, खातं मात्र उण्यात. यावर उपाय म्हणजे कुलूप: एक जण व्यवहार करत असताना दुसऱ्याने थांबायचं.

जमिनीखालचं पाणी हे असंच एक खातं. दोनशे फुटांचं बोअर स्वतःच्याच शेतात असतं, पण पाणी त्याच शेतातलं नसतं. रात्री लाईट आली की दहा मोटरी एकदम सुरू होतात, प्रत्येकाला पाणी येतंय एवढंच दिसतं. कोणी चोरी करत नाही, कोणी मूर्ख नाही, तरी खातं उण्यात जातं. मग कोणी तीनशे फूट जातो, कोणी पाचशे. विहिरीचं तसं नाही. विहिरीत डोकावलं की पातळी दिसते, आपलीही आणि शेजाऱ्याचीही. खात्यातली शिल्लक सगळ्यांना दिसते. शेतीसाठी बोअर नको या नियमाकडे मी तरी याच नजरेने बघतो: वाटणी ठेवायची असेल तर शिल्लक दिसली पाहिजे आणि कोणालाही गुपचूप तळ गाठता येता कामा नये. नुसता ताळेबंद मांडून बोअर मोकळे ठेवले असते तर तो ताळेबंद भिंतीवर टांगायच्या कामाचा राहिला असता.

आणि पाचवं, तपासणी. पाऊस मोजून अंदाज काढला तरी निरीक्षण विहिरींची पातळी वेगळी मोजतात. दोन आकडे जुळले नाहीत तर धरलेलं काही तरी चुकलंय. मघाशी आपण दहावा हिस्सा धरला ना? तो बरोबर की चूक हे विहीरच सांगणार. दरवर्षी तपासत गेलं की आकडा त्या गावाचा होत जातो. प्रोग्रॅमर याला डिबगिंग म्हणतात आणि त्याबद्दल फार तक्रार करतात. शेतकऱ्याला एका वर्षात एकच संधी मिळते, बिचारा त्याहून कमी तक्रार करतो.

आता याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण, थोडक्यात. उत्तरेकडे चला, प्रवरेच्या, मुळेच्या कालव्यांवर. इथल्या लोकांना ‘सात नंबर’ म्हटलं की समजतं. पाणी हवं असेल तर सात नंबरचा अर्ज भरायचा, मग आवर्तन सुटलं की शेजपाळीने पाणी. शेजपाळी म्हणजे शेजाऱ्यामागून शेजारी, पाळीपाळीने. आणि सुरुवात शेवटाकडून. चारीच्या टेलला जो आहे त्याला आधी, तिथून वर वर येत तोंडाकडच्याला सगळ्यात शेवटी.

उलटं का? पाट चालतो वरून खाली, मग पाणी आधी वरच्याला देणं सोपं नाही का? सोपं आहे, पण मग खालच्याला कधीच मिळत नाही. वरच्याच्या दारावरून पाणी जातंय, त्याचं भिजलं तरी ‘अजून जरा’ चालूच राहतं, आणि आवर्तन संपायचा दिवस ठरलेला. टेलपासून सुरू केलं की वरच्याला आपली पाळी येण्यासाठी खालच्यांचं लवकर उरकायला हवं असतं, म्हणजे पाणी खाली सुखरूप पोचण्यात त्याचाही फायदा. पायऱ्यांचा क्रम बदलला आणि माणसांची वागणूक बदलली. अर्थात रात्री दोन वाजता दारं कोण फिरवतं, पाटकरी कोणाचं ऐकतो, हे टेलच्या शेतकऱ्यांना विचारा. रीत कागदावर चोख असली तरी चालवणारी माणसंच असतात.

शेजपाळीची एक अडचण अशी की आपला नंबर कधी येईल हे नक्की सांगता येत नाही. पुढच्याला किती वेळ लागेल त्यावर अवलंबून. त्यावर उपाय म्हणून वाराबंदी: हेक्टरी ठरलेला वेळ, ठरलेला वार, ठरलेला तास. भिजो न भिजो, वेळ संपली की दार पुढच्याचं. तुमच्या मोबाईलमध्ये एकाच वेळी गाणं, मेसेज आणि नकाशा चालतो ना, त्यातही प्रोसेसर असंच करतो, प्रत्येकाला इवलासा वेळ देत फिरत राहतो. पहिल्या रीतीत पीक पुरतं भिजतं पण वाट बघावी लागते, दुसरीत वेळ पक्की पण पाणी पुरेल याची खात्री नाही. यातलं चांगलं कोणतं, याचं उत्तर गणितात नाही. तुम्हाला खात्रीची वेळ हवी की पुरेसं पाणी, ते आधी सांगावं लागतं.

आणि आता तो भाग, ज्यावर नगरच्या चहाच्या टपरीवर आवाज चढतात. जायकवाडी.

गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक आणि नगरची धरणं: गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा. खाली पैठणला जायकवाडी, मराठवाड्यासाठी. पाऊस कमी झाला की वरची धरणं आधी भरतात आणि खालचं रिकामं राहतं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात तुटीच्या वर्षी खोऱ्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. ते करायचं कसं याची रीत मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये बसवून दिली. रीतीचं सार असं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा बघायचा. खरिपातला वापर धरून तो ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या कोणत्या धरणसमूहातून किती सोडायचं ते तक्त्यावरून काढायचं. ६५ च्या वर असेल तर काही सोडायचं नाही.

बघा, हा सरळसरळ अल्गोरिदम आहे. एक तारीख, एक माप, एक उंबरठा, एक तक्ता. मंत्री कोणत्या जिल्ह्याचा आहे याला त्यात जागा नाही, आणि हेच त्याचं मोठं बळ. २०२३ मध्ये हीच रीत चालवून वरून ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. त्यावर आंदोलनं झाली, कोर्टात धाव घेतली गेली, पण नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी सुटलं.

मग भांडण कशावर आहे? रीतीवर कमी, आकड्यावर जास्त. ६५ च का? ६० का नाही, ७० का नाही? हिवरे बाजारमध्ये आपण बघितलं की नको ते गाळल्यावर हिशेब सोपा होतो. इथे गाळलेल्या गोष्टी लाखो लोकांच्या आहेत. राहाता, राहुरी, कोपरगावच्या शेतकऱ्याचं म्हणणं असतं की समितीने हिशेब मांडला तेव्हाचे आकडे आता राहिले नाहीत, आमच्या शहरांची पिण्याची गरज वाढली, आणि नदीतून एवढं लांब पाणी सोडलं की वाटेत किती मुरतं ते कोण धरतं? पाणी सोडताना नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या मोटरींची वीज तोडावी लागते, तेव्हा कुठे ते खाली जातं. मराठवाड्याचं म्हणणं असतं की हक्काचं पाणी वर अडवून त्यावर बारमाही पिकं उभी केली, आणि आता वहनव्ययाचं कारण सांगता. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. माझं मत विचाराल तर ६५ हा आकडा पवित्र नाही, पण ठरलेला आकडा असणं आणि तो दर काही वर्षांनी उघडपणे तपासणं, हे दर ऑक्टोबरला मुंबईत कोणाचं वजन जास्त यावर निकाल लागण्यापेक्षा बरं. तपासणी सुरूही झाली आहे: २०२३ मध्ये त्यासाठी अभ्यासगट नेमला गेला, आणि त्याने ६५ च्या जागी ५८ टक्क्यांची शिफारस केली. यावरही पुन्हा मराठवाड्यातून हरकती आल्याच.

उंबरठ्याची आणखी एक खोड आहे. ६४.९ आणि ६५.१ मध्ये पाण्याचा फरक किरकोळ, पण निर्णयात आभाळ-पाताळ. गावाच्या ताळेबंदातही हेच. एकशे नव्याण्णव मिलिमीटर आणि दोनशे एक मिलिमीटर या दोन वर्षांत खरं तर काही फरक नसतो. शिवाय दोनशे मिलिमीटर दोन ढगफुटींत पडले की बारा संथ पावसांत, हे पर्जन्यमापकाची वार्षिक बेरीज सांगत नाही. पहिल्यातलं बरंच नाल्याने गेलेलं असतं. म्हणूनच विहिरीची पातळी वेगळी बघावी लागते, आणि म्हणूनच शेवटचा शब्द ग्रामसभेचा ठेवावा लागतो. छोट्या गावात हे जमतं. माणसं एकमेकांना ओळखतात, नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी पारावर तोंड दाखवायचं असतं. अख्ख्या खोऱ्याला पार नसतो. तिथे तक्ता जितका काटेकोर हवा तितकाच तो कोणी, कधी, कोणत्या आकड्यांवरून केला हे सगळ्यांना वाचता यायला हवं, आणि तेही मराठीत. सध्या असे अहवाल मिळवून वाचणं म्हणजे एक वेगळीच शेजपाळी आहे.

आता तुमच्यासाठी थोडं काम. आपल्या गावाचं भौगोलिक क्षेत्र हेक्टरमध्ये काढा, जनगणनेच्या पुस्तिकेत किंवा तलाठ्याकडे मिळेल. यंदाचा पाऊस मंडळनिहाय मिळतो, कृषी खात्याच्या संकेतस्थळावर रोजचा असतो. गुणिले दहा हजार करा. त्याचा दहावा हिस्सा धरा. माणसं गुणिले ५५ गुणिले ३६५ वजा करा, जनावरं वजा करा. मग गावात ऊस किती एकर आहे ते विचारा आणि एकरी एक कोटीने गुणा. धरण-कालव्याचं पाणी येत असेल तर ते वेगळं मिळवा, नाही तर उत्तर भलतंच उणे येईल. शहरात राहत असाल तर गावाच्या जागी सोसायटी घ्या आणि पावसाच्या जागी टँकरची बिलं. दहावा हिस्सा तुमच्या खडकाला लागू आहे का, हे मात्र आजूबाजूच्या चार विहिरींची दिवाळीतली आणि अक्षय तृतीयेची पातळी मोजल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा दोरी आणि दगड घेऊन ती मोजणी दिवाळीला सुरू करा. आकडे निघाले की पाठवा, पुढच्या एखाद्या भागात दोन-तीन गावांचे हिशेब समोरासमोर ठेवून बघू.